मिटलेलं बोट

आमच्या घरी सकाळ व्हायची ती थुंकण्याच्या आवाजानं. हसू नका, खरं तेच सांगते आहे. कोंबडे आरवायचे, कोठ्यात बैलांच्या गळ्यातल्या घंट्या वाजायच्या, बाबूजी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाकरायचे. पण दिवस उजाडला असं मला वाटायचं ते घरामागच्या सांदवाडीतून 'पिच्च' असा आवाज आला की. तिथं कोचईच्या, म्हणजे अळूच्या, वाफ्याशेजारी एक सपाट दगड होता. माय त्या दगडावर उकिडवी बसलेली असायची. डाव्या हातात गुडाखूची पत्र्याची डबी, उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट तोंडात, डोळे अर्धे मिटलेले. कुंपणाच्या फटीतून शेजारच्या दोघी-तिघी यायच्या आणि तिच्याभोवती बसायच्या. गुडाखू ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, तंबाखू आणि गुळाची मळी एकत्र कुटून केलेली ती काळी, ओलसर, चिखलासारखी वस्तू. बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची आणि डोकं जरा गरगरलं की थुंकायची. छत्तीसगढकडून आमच्या गोंदियाच्या खेड्यांत आली म्हणतात. आली आणि घरचीच झाली. माय तिला मंजन म्हणायची. मंजनानं दात पक्के होतात आणि ते घासल्याशिवाय पोट साफ होत नाही, यावर आमच्या गल्लीतल्या एकाही बाईचं दुमत नव्हतं.

मला ती लावली मायनंच. मी दहा-अकरा वर्षांची असेन, दाढ ठणकत होती, रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मायनं बोटभर गुडाखू त्या दाढेवर दाबली. थोड्या वेळात कोठा, बैल, गव्हाण सगळं माझ्याभोवती फिरायला लागलं आणि मी शेणातच बसले. बाया पोट धरून हसल्या. "चढली वं पोट्टीले!" असं कुणीतरी म्हणालं. पण दाढ थांबली. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती तरी मी दुखते म्हणून सांगितलं. पुढं सांगायचीही गरज उरली नाही. सकाळी उठले की मी आपसूक त्या दगडाशी जाऊन बसायची, माय न बघता डबी माझ्यापुढं करायची. बाबूजींना माझं माहीत नव्हतं. मायचं माहीत होतं, त्याचं त्यांना काहीच नव्हतं. गावातल्या सगळ्याच बायका घासत होत्या.

माय दिवसभर पायावर असायची. आमची धानाची शेती बिरसी गावाच्या अलीकडे होती. आता त्या बांध्यांवरून, धानाच्या खाचरांवरून, शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर घिरट्या घालतात, त्यांची घरघर ऐकून म्हशी मानही वर करत नाहीत. तेव्हा आमच्या आभाळात घारीशिवाय काही नव्हतं. माय पहाटे उठून शेण काढायची, भाताची पेज चढवायची, लाखोरीची डाळ शिजत घालायची, अंबाडी निवडायची, शेतात जायची, परत येऊन पुन्हा चुलीशी बसायची. जेवताना मात्र तिचा थाट असायचा. पेजेसोबत पाट्यावर वाटलेली हिरव्या मिरचीची चटणी, आणि ती अशी की आम्ही बोट लावून हाय हाय करत पाणी प्यायचो. माय मात्र ती भाजीसारखी खायची. "मिरची नाही त जेवन कायचं?" म्हणायची. त्यामुळे तिनं चटणी बाजूला सारली तो दिवस मला अजून आठवतो. पहिल्या दिवशी वाटलं मीठ जास्त पडलं असेल. तिसऱ्या दिवशी ती नुसती पेज पीत होती, तीही निववून, आणि खालचा ओठ आत ओढून धरत होती.

मी म्हटलं, "दाखव." ती नाही म्हणाली. मी हट्टाची, तिच्या मागं मागं फिरले. शेवटी वैतागून तिनं ओठ खाली ओढला. आत, हिरडीच्या बुडाशी, जिथं ती रोज गुडाखू दाबायची तिथं, पेज सांडून सुकावी तसा एक पांढरा चट्टा होता. मी हात लावायला गेले तर तिनं माझा हात झटकला. मला चट्ट्याची भीती नव्हती वाटली, मला तिच्या डोळ्यांची वाटली. कारण तिच्या आईचं काय झालं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दरेकशाच्या त्या आजीला तोंडात जखम झाली, ती भरलीच नाही, शेवटचे काही महिने तिला चमच्यानं पेजेचं पाणी पाजलं. ती पाजणारी मायच होती. आजी जाईपर्यंत गुडाखू मागत होती आणि माय देत होती.

गोंदियाच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघीच गेलो. बाबूजी बांध्या नांगरत होते. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं, खूप वेळ पाहिलं. "कब से घिस रही हो?" त्यांनी विचारलं. माय म्हणाली, "लगनाच्या पयलेपासून." डॉक्टर म्हणाले, "बंद करना पड़ेगा. कम नहीं, बंद. दिवाली के पहले फिर दिखाना. तब भी ऐसा ही रहा तो टुकड़ा काट के नागपूर भेजना पड़ेगा." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मुली, हे पुढं वाईट रूप घेऊ शकतं. समजलं ना तुला?" मला समजलं होतं. मायलाही समजलं होतं. बसस्टँडपर्यंत ती माझ्या पुढं पुढं चालत राहिली. तिथं बाकड्यावर टेकली आणि कमरेची पिशवी सोडून तिनं डबी काढली.

"माय! डॉक्टरनं आताच नाही सांगतलं का?"

"आयकलं मी. कान नाही गेले माहे. येवढी लावू दे, डोकं गरगरून राहिलं."

"डोकं त्याच्यानंच गरगरते."

"तो डॉक्टर का घासते का? त्याले का समजते?" असं म्हणून तिनं बोट तोंडात घातलं आणि स्टँडच्या भिंतीकडे तोंड फिरवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसमध्ये मी तिच्याशेजारी बसले नाही. आणि घरी आल्यावर मी काय केलं? कोठ्यात गेले, गव्हाणीच्या मागं लपवलेली माझी डबी काढली, आणि रडत रडत घासली. तेव्हा मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहायचं ठरवलं आहे तर सगळंच लिहिते.

शाळा उघडली तेव्हा आमच्या शाळेत कुसुमबाई नवीन आल्या होत्या. बारक्या, सावळ्या, आवाज असा की मैदानाच्या टोकापर्यंत जावा. खेळाच्या तासाला पाऊस असला की त्या आम्हा मुलींना व्हरांड्यात बारदाने अंथरून बसवायच्या आणि योग शिकवायच्या. आम्हाला ते हसण्यासाठीच वाटायचं. एकदा त्यांनी नाकानं आळीपाळीनं श्वास घेण्याचा प्राणायाम दाखवला. अंगठ्यानं एक नाकपुडी दाबायची, करंगळीजवळच्या बोटानं दुसरी. "आणि ही दोन बोटं मिटायची, तळहातात. त्यांचं इथं काम नाही," बाई म्हणाल्या. मी हात नाकाशी नेला. अंगठ्याजवळचं बोट मिटलं. मिटलं तरी ते नाकाच्या इतकं जवळ होतं की पहिल्याच श्वासाला गुडाखूचा भपका आत गेला. आयुष्यात मी ती इतक्या वेळा लावली होती, पण तिचा वास असा, नुसता वास म्हणून, मला कधी आलाच नव्हता. मी हात खाली टाकला. बाई माझ्यासमोर येऊन वाकल्या.

"कशाचा वास येतो?"

"मंजनाचा, बाई."

मागून मुली खिदळल्या. अर्ध्या जणींच्या बोटांना तोच वास होता.

"दिवसातून किती वेळा करतेस हे मंजन?"

"तीनदा."

"अंदाजानं नको सांगू. उद्या मोजून सांग."

मला वाटलं बाई रागावतील, घरी चिठ्ठी पाठवतील. त्यांनी फक्त मोजायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी फ्रॉकच्या खिशात चिंचोके ठेवले आणि प्रत्येक वेळी एक या खिशातून त्या खिशात टाकला. शाळेला जाताना, परत येताना, भांडी घासताना, बाबूजी ओरडले तेव्हा, जेवल्यावर. रात्री चिंचोके ओतले तर अकरा! मी दोनदा मोजले. अकरा वेळा माझा हात डबीकडे गेला होता आणि त्यातले सात-आठ वेळा मला त्याचा पत्ताच नव्हता. बाईंना आकडा मी खाली बघूनच सांगितला.

बाई म्हणाल्या, "मी तुला सोड म्हणत नाही. लावायच्या आधी खाली बसायचं. ते बोट मिटायचं. सात श्वास घ्यायचे, आणि हाताला काय होतं, तोंडाला काय होतं ते नुसतं पाहायचं. सात झाले की लावायची असेल तर लाव. पण डोळे उघडे ठेवून लाव आणि काय वाटलं ते मला येऊन सांग." मला हा सौदा फार सोपा वाटला. मला गुडाखू सोडायला कुणी सांगितलं असतं तर मी नक्की चोरून लावली असती, कारण स्वभावच तसा. पण पाहायला सांगितलं होतं, आणि पाहण्यात चोरी करायची कशी ते मला सापडेना.

सोपं काही नव्हतं. तिसऱ्या श्वासाला बोटात मुंग्या यायच्या. चौथ्याला तोंडात पाणी सुटायचं. पाचव्याला वाटायचं, खड्ड्यात गेली ती बाई. कधी सहाव्याला सगळं आपोआप खाली बसायचं, कधी बसायचं नाही आणि मी लावायची. लावली की डोळे उघडे ठेवून चव बघायची. ती कडू, जळकट, घाण चव होती आणि मी इतकी वर्षं ती गोड समजत होते. अकराचे आठ झाले, आठाचे तीन. डोकं ठणकायचं. चार दिवस पोट साफ झालं नाही तेव्हा मात्र मी घाबरले. गल्लीतल्या बाया खरंच बोलतात की काय असं वाटलं. बाईंनी भिजवलेल्या मनुका आणि पवनमुक्तासन सांगितलं. पाचव्या दिवशी जे झालं त्याचं वर्णन करत नाही, पण त्या दिवशी मला कुठल्याही परीक्षेत पास झाल्याइतका आनंद झाला होता.

एक गोष्ट मात्र सुटेना. सकाळची. सांदवाडीतून 'पिच्च' ऐकू आलं की माझे पाय निघायचे. मी अंगणात बसून बोट मिटायची, सात काय सतरा श्वास घ्यायची, तरी छाती भरून यायची. बाईंनी विचारलं, "पाहिलंस का, हात नेमका कशाकडे जातो?" मी दोन-तीन सकाळी ते पाहिलं आणि एकदम रडायला आलं. मला गुडाखू नको होती, मला माय पाहिजे होती. दिवसभरात ती माझ्याजवळ बसायची ती तेवढीच. आणि तिच्याही आयुष्यात बसायची वेळ तेवढीच होती! एरवी ती क्षणभर टेकली तरी कुणीतरी हाक मारायचं. पण घासायला बसलेल्या बाईला कुणी उठवत नव्हतं. बाबूजीसुद्धा म्हणायचे, "घासून होऊ दे तिचं." ती डबी काढून घ्यायची म्हणजे तिचं बसणंच काढून घ्यायचं होतं.

हे समजलं होतं, तर मी शहाण्यासारखं वागायला पाहिजे होतं. पण वय पंधरा आणि जीभ मिरचीसारखी. स्वतःची, सकाळचीसुद्धा, सुटत आली तशी मी घरातली पोलीस झाले. मायच्या डब्या शोधायच्या, लपवायच्या, तिच्या तोंडाचा वास घ्यायचा, दिवाळीला किती दिवस राहिले ते येता-जाता ऐकवायचं. ती शेजारणीकडून मागून आणायची. आम्ही भांडायचो. मी पहाटे बारदानावर बसून 'बाई म्हणतात बोट मिट' असं म्हणून मोठ्यानं श्वास मोजायची ते निम्मं तिला चिडवायलाच. ती चुलीपुढं पाठ करून बसलेली असायची, फुंकणीनं जाळ फुंकत.

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, तोंडावर एक दिवस ती आपणहून म्हणाली, "चार दिस झाले, लावली नाही मी." मी तिच्याकडे पाहिलं. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी म्हटलं, "पाहू," आणि तिथून उठून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे तांदूळ काढायला ढोलीत हात घातला तर आत कागदात बांधलेला पुडा लागला. सोडला तर गुडाखूच्या बारा नव्या डब्या. चार दिवस म्हणे लावली नाही! मी विचारलं नाही, श्वास मोजले नाहीत, बोट मिटलं नाही. पुडा उचलला, शेणाच्या खड्ड्यात एकेक डबी उघडून ओतली आणि वरून काठीनं ढवळलं.

त्या डब्या मायच्या नव्हत्या. रोवण्याला येणाऱ्या बायांना दुपारच्या विसाव्यात मालकानं गुडाखू द्यायची, ही आमच्याकडची रीत. बाबूजींनी त्या गोंदियाहून आणल्या होत्या आणि माझ्या हाताला लागू नयेत म्हणून मायनं त्या ढोलीत ठेवल्या होत्या. मला ही रीत माहीत नव्हती असं नाही. लहानपणापासून पाहत आले होते. त्या घटकेला ती आठवली नाही, एवढंच.

दुपारी शेतात वीस-बावीस बाया वाकून रोवत होत्या. पाऊस थांबला होता, बांधीत पोटरीभर चिखलपाणी होतं, उपटलेल्या परह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या धुऱ्याच्या बांधावर रचल्या होत्या. बायांची पुढारी फुलवंताकाकी. तिनं कंबर सरळ केली की सगळ्या करायच्या. ती धुऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आन वं, गुडाखू काढ." मायनं टोपली उपसली. भाकरी निघाल्या, कांदे निघाले, पुडा नाही. "ढोलीतच राहिला वाटते," ती म्हणाली. मला तेव्हा सगळं एकदम समजलं.

"माय," मी म्हटलं, "मी फेकली. शेनाच्या खड्ड्यात."

"काऊन?"

"मले वाटलं तुही आहे."

फुलवंताकाकी बोलली. "अवं, आमी का जनावरं आहो का, नुसती भाकर टाकून हाकाले? घासल्याबिगर कंबर नाही लवत आमची. तुह्या पोट्टीच्या योगानं रोवना होते का, पाहू दे." बाया धुऱ्यावर बसल्या त्या बसल्याच. पलीकडच्या बांधीत चिखलणी करणारे बाबूजी औत सोडून आले. त्यांना कळलं तेव्हा ते माझ्यावर हात उगारून थांबले आणि सगळा राग मायवर काढला. "पोरीले डोक्यावर बसवून ठेवली! पेंढ्या पिवळ्या पडल्या त मी का करू? तू रोवशीन का एकटी?" बावीस बायांसमोर त्यांनी तिचा पाणउतारा केला. ती चिखलात उभी होती, हातात रिकामी टोपली.

फुलवंताकाकीला तिची दया आली असावी. तिनं कमरेतून स्वतःची डबी काढली. "घे वं बाई, तू त लाव. तोंड पाह्य कसं झालं तुहं."

मायनं डबी घेतली. झाकण उघडलं. माझ्याकडे वळून ती हळू आवाजात बोलली, पण प्रत्येक शब्द मला अजून तसाच ऐकू येतो. "चार दिस तोंड बांधून राहिली मी. डोकं फुटत होतं. तुले सांगतलं. तुले खोटं वाटलं." आणि तिनं बोट डबीत बुडवलं.

दिवाळी, नागपूर, दरेकशाची आजी, तो चमचा, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी चिखल तुडवत तिच्याजवळ गेले, तिच्या हातातल्या डबीत माझंही बोट घातलं आणि काळं भरलेलं बोट तोंडाजवळ नेलं. "लाव," मी म्हटलं. "तू लाव, मीबी लावीन. दोघी जाऊ नागपूरले."

"ठेव खाली."

"तू ठेव."

"मी माय आहे तुही."

"म्हनूनच म्हनते ना!" मी ओरडले. गेल्या वीस दिवसांत मी एकदाही लावली नव्हती आणि तो वास आता नाकाखाली होता, आणि खरं सांगते, नुसती धमकी नव्हती ती. माझं तोंड पाण्यानं भरलं होतं. मला ती हवी होती.

मायला ते दिसलं. मला वाटतं, कोठ्यात शेणात बसलेली दहा वर्षांची मीही तिला तेव्हा दिसली असेन. तिचा चेहरा एकदम पडला. तिनं डबी फुलवंताकाकीच्या हातात दिली आणि माझं मनगट धरलं.

"बोट मिट म्हनते ना तुही बाई?" ती म्हणाली. "मिट मंग."

मी बघत राहिले. तिनं आधी स्वतःचं बोट मिटलं, गुडाखूसकट, तळहातात. चुलीकडे तोंड करून, फुंकणी हातात धरून ती रोज पहाटे सगळं ऐकत होती!

"मोज," ती म्हणाली. मी तिच्या मुठीकडेच पाहत होते. मग तिनंच मोजलं. तिचा श्वास कसला, जाळ फुंकल्यासारखा फू फू चालला होता. "येक." कुणीतरी फिसकन हसलं. "दोन." बाबूजी "हे का नाटक आहे" म्हणाले. चौथ्याला तिची हनुवटी थरथरायला लागली. पाचव्याला तिनं माझं मनगट इतकं आवळलं की दुखलं. पाच आणि सहाच्या मध्ये ती थांबली, खूप वेळ थांबली, मला वाटलं गेलं आता सगळं. "सा," ती म्हणाली. "सात." मग वाकली आणि हात बांधीच्या पाण्यात घालून चिखलानं ते बोट घासलं, नखात माती जाईपर्यंत घासलं. मीही घासलं.

"चला वं," ती बायांना म्हणाली, "पेंढ्या सुकून राहिल्या. जिच्याजवळ आहे तिनं दुसरीले द्या. उद्या मी आनून देते तुमाले, पन माह्यासमोर नोका घासू."

कुणाकुणाच्या कमरेला दोन-चार डब्या निघाल्या, त्या बायांनी वाटून घेतल्या. रोवणा रडतखडत झाला, एक बांधी दुसऱ्या दिवसावर गेली. बाबूजी माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. फुलवंताकाकीनं ही गोष्ट तीन गावांत सांगितली आणि माझं नाव योगवाली पोट्टी पडलं.

पुढचे महिने सोपे गेले असं कुणी समजू नये. मायनं सांदवाडीतला दगड सोडला नाही. ती तिथंच बसायची, त्याच वेळी, डबीशिवाय, आणि मी तिच्याशेजारी बारदान टाकायची. शेजारणी दोन दिवस आल्या, मग आपापल्या परसात घासायला लागल्या. एकदा बाबूजींनी सपरीतून हाक मारली, "चहा कोठी आहे?" आणि माय श्वास न सोडता थांबली, मग म्हणाली, "बसून आहो आमी. थांबा जराक." बाबूजी थांबले. पोळ्याच्या दिवशी तिनं एकदा लावली आणि संध्याकाळी मला स्वतः सांगितलं. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हटलं, "बरं झालं सांगतलं."

आज मी गोंदियाजवळ मुर्रीत राहते. रोज सकाळी आठ-दहा बायका माझ्या ओसरीवर योगाला बसतात. त्यांचे नवरे तंबाखूचा खर्रा चघळतात, पोरं मोबाईल सोडत नाहीत, आणि त्या मला विचारतात, सवय जाते का हो मॅडम? मी खोटं सांगत नाही. सून उलट बोलली, पायाला ठेच लागली, बातम्या वाईट आल्या की माझं हे बोट आजही आपोआप उठतं. इतकी वर्षं झाली, तरी उठतं. मी ते उठताना पाहते आणि मिटते, एवढाच काय तो फरक आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही दोघी परत त्या डॉक्टरांकडे गेलो. मायनं नवीन लुगडं नेसलं होतं, जणू कुणाकडे पाहुणी निघाली होती. बाहेर बसलो असताना ती म्हणाली, "नागपूरले जा लागलं त तुह्या बाबूजीले एकटं स्वयंपाक नाही येत. तू शिकवजो त्याईले." आत डॉक्टरांनी टॉर्च लावला, ओठ ओढला, कापसानं पुसलं, पुन्हा पाहिलं. मग खिडकीजवळ नेऊन उजेडात पाहिलं. मी बोट इतकं घट्ट मिटलं होतं की तळहातात नख रुतलं. सात झाले, चौदा झाले, मी मोजायची विसरले.

"कब बंद किया?" त्यांनी विचारलं.

"रोवन्याच्या दिसापासून," माय म्हणाली. "मंधात एक डाव लावली, पोळ्याले."

"काटने की जरूरत नहीं है," डॉक्टर म्हणाले. "दाग चला गया. अब मत लगाना, बाई."

बसस्टँडवर आम्ही त्याच बाकड्यावर बसलो. मायचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. तो जाताना मी पाहिला आणि तिनंही पाहिला. मग ती उठली आणि समोरच्या गाड्यावरून कागदात मिरचीभजी घेऊन आली, सबंध हिरव्या मिरचीची, गरमागरम. एक तोंडात टाकली. चावली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, ती पदरानं पुसत राहिली आणि चावत राहिली.

"झोंबते का वं, माय?"

"झोंबते ना," ती म्हणाली आणि दुसरी उचलली.